साखऱ्याविरुद्धची वही

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज लिहायचं. धडधड कधी झाली, तेव्हा काय करत होतात, किती वेळ टिकली. येताना सूनबाईने शंभर पानी वही घेतली. शंभर पानं धडधडीला कशाला लागतात? उरलेल्या जागेत मी साखऱ्याचं लिहिणार आहे. त्याला पुरतील एवढी पानं कुठल्याच वहीत नसतील.

साखऱ्या म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. पाटीवर त्याचं नाव काहीही असो, मी त्याला साखऱ्या म्हणतो, कारण त्याच्या तोंडून शब्द येतो तो पाकात बुडवून येतो.

अकरा वर्षांपूर्वी टपाल कचेरीच्या रांगेत उभा होतो. काही कारण नसताना छाती धडधडायला लागली. हात गार, ओठांना मुंग्या, पाय आपले नाहीतच. वाटलं, आटोपलं. लोकांनी दवाखान्यात नेलं. तिथे छातीला तारा लावून पट्टी काढली आणि डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." मग जे झालेलंच नव्हतं ते महिन्यातून चार-चारदा व्हायला लागलं. साखऱ्याला सांगितलं तर त्याने काउंटरवरून एक पांढरी गोळी सरकवली. "अण्णा, अर्धी घ्या. घरचंच समजा." अर्धीची एक झाली, एकीच्या दोन, दोनाच्या तीन. डॉक्टरांचा कागद त्याने अकरा वर्षांत एकदा मागितला नाही.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला दोन आजार आहेत. एक चिंतेचा. तो खरा आजार आहे, मनाचा खेळ नाही, त्याला नाव आहे आणि इलाज आहे. दुसरा गोळीचा.

"म्हणजे मला व्यसन आहे?" मी विचारलं. उभ्या जन्मात मी तंबाखूला हात लावलेला नाही.

"शरीराला गोळीची सवय लागलीय, आजोबा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण एक लक्षात ठेवा. ही गोळी एकदम बंद करायची नाही. कितीही राग आला, कितीही शूर वाटलं, तरी नाही. एकदम थांबवली तर झटके येतात. जीवही जाऊ शकतो. मी सांगेन तशी, हळूहळू उतरवायची."

तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. बाई माझ्या नातीच्या वयाच्या असतील. मी सहावीपर्यंतच शिकलो, पण ऐकलेलं कळतं मला.

पहिला आजार नशिबाने दिला, त्याचं काही करता येत नाही. दुसरा साखऱ्याने दिला. त्याचं मी करणार आहे.

धडधड दोनदा. दोन्ही वेळा साखऱ्याचा विचार करत होतो.

बुधवार, ६ मार्च

पहिली कपात. तीनवरून पावणेतीन. सूनबाईने गोळी भाजीच्या सुरीने कापली, तिचे सात तुकडे झाले. मी म्हटलं, सरक बाजूला.

शेहेचाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले. तागडीच्या दांडीपासून पोती मोजायच्या मोठ्या काट्यापर्यंत. सोनारांसाठी वापरायचा नाजूक काटा अजून कपाटावर आहे. तो उतरवला, पारडी पुसली, बारीक कानस घेतली आणि गोळी घासून काढली. एक केस इकडे नाही की तिकडे नाही. डॉक्टरीणबाईंची पाव म्हणजे अंदाज. माझी पाव म्हणजे पाव.

सूनबाई बघत होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिला अचूक गोष्टी आवडतात. म्हणाली, "बाबा, तुम्हाला आमच्याकडे नोकरी लावून देते." मग गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन स्वतःच्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. माझ्याच औषधाला माझ्याच घरात कुलूप. माझा मुलगा जहाजावर आहे, सहा महिन्यांनी येतो. तो इथे असता तर हे झालं नसतं. कदाचित झालंही असतं, तो तिचं ऐकतो.

हिचंही नाव लिहून ठेवतो. साखऱ्याच्या खाली.

शनिवार, ९ मार्च

चिमी आली होती. चिमी माझी धाकटी बहीण, सहासष्ट वर्षांची. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, कपडे शिवते. जीभ तिच्या कात्रीपेक्षा बरी चालते.

मी तिला सगळं सांगितलं. साखऱ्यावर तक्रार करणार, दुकानाला कुलूप लागलेलं बघणार, तोपर्यंत दाढी करणार नाही.

"दादा, दाढी वाढवून तू औषध खात्याला घाबरवणार आहेस का?"

मी म्हटलं, साक्षीदार लागेल. तूही त्याच्याचकडून घेतेस ना झोपेची? तू सांग, कागद मागत नाही म्हणून.

तिचं हसू एकदम गेलं. "मला यात ओढू नकोस. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही."

"तो आपल्याला विष विकतो, चिमे!"

"मला झोप विकतो," ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. चहासुद्धा पूर्ण घेतला नाही.

याला काय म्हणायचं? तिचे यजमान गेले तेव्हा ही महिनाभर भिंतीकडे बघत बसायची. कुणाला सुचलं नाही, मला सुचलं. माझ्यातली अर्धी गोळी मी तिला दिली. म्हटलं, घे, काही होत नाही, मी घेतोच आहे. त्या रात्री ती झोपली. पुढे मीच तिला साखऱ्याच्या दुकानात नेऊन ओळख करून दिली. एवढं सगळं केलं आणि आज साध्या साक्षीला नाही म्हणते. सख्खी बहीण.

धडधड एकदा, ती गेल्यावर.

गुरुवार, १४ मार्च

वाईट दिवस. घामाने बंडी दोनदा बदलली. जिन्यात कुणी चप्पल आपटली तरी काळीज तोंडात येतं. दात एकमेकांवर वाजतात. सूनबाई म्हणते, हे होणारच, शरीर गोळी मागतंय, आठवड्याने उतरेल. सहज म्हणते, जशी काही पावसाची गोष्ट.

मी किल्ली मागितली. नाही म्हणाली. मी ओरडलो. ती ओरडली नाही, त्याचा जास्त राग आला.

ती कामाला गेल्यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं मी पिळून घट्ट केली. वजनांच्या बुडाला शिसं भरायचं भोक असतं, त्याची बुचं पिळून पिळून माझे पंजे पकडीसारखे झाले आहेत. अठरा डबे. संध्याकाळी तिला साधं मीठ मिळालं नाही.

थोड्या वेळाने येऊन समोर बसली. "बाबा, सूड घ्यायचा तर घ्या, पण डाव्या हाताच्या बाजूचे डबे सोडा. दिवसभर सुया टोचून माझं मनगट दुखतं."

मीठ मी उघडून दिलं. बाकीचे तसेच ठेवले.

मंगळवार, १९ मार्च

आज लाज वाटायची गोष्ट झाली, पण ही वही माझी आहे, लिहितो.

आमच्या धंद्यात कानशीचा भुगा कुणी फेकत नाही. पितळेचं वजन घासताना जास्त घासलं गेलं तर काहीतरी परत भरावं लागतं, म्हणून भुगा बाटलीत ठेवायचा. मी गोळीचा भुगाही ठेवत होतो. शाईच्या जुन्या बाटलीत. आणि दुपारी धडधड झाली की बोट ओलं करून चाटत होतो. मला तो घेतल्यासारखा वाटतच नव्हता. भुगा म्हणजे भुगा.

डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. साखऱ्याची पानं मी टाचणी लावून बंद केली होती. त्यांनी फक्त आकडे वाचले आणि विचारलं, "दुपारी दोन वाजता रोज बरं वाटतं. दोनला काय करता?"

शेवटी सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्या हसल्या. "म्हणजे तुमची कपात झालेलीच नाही, आजोबा. पावणेतीन गोळ्या आणि पाव भुगा." मग म्हणाल्या, "चला, पुन्हा पहिल्यापासून. यात हरलं असं काही नसतं."

त्यांनी धडधडीचं समजावलं. धोक्याची घंटा असते तशी घंटा शरीरात असते, माझी आग नसताना वाजते. मी म्हटलं, काटा शून्यावर येत नाही तसं. पारडी रिकामी असूनही काटा एका बाजूला झुकलेला. त्या म्हणाल्या, अगदी तसं. मग त्या काट्याला सवय लावायची. जिथे भीती वाटते तिथे जायचं आणि पळायचं नाही. टपाल कचेरीत रोज जायचं, रांगेत उभं राहायचं, धडधड झाली तर होऊ द्यायची. ती चढते, थांबते, उतरते.

बाटली द्यायला सांगितली. मी म्हटलं, घरी आहे. खिशात होती.

शनिवार, २३ मार्च

तक्रारीला पुरावा हवा म्हणून साखऱ्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, एक पट्टी दे. कागद न मागता दिली की सापडला.

तर हा म्हणतो, "अण्णा, तुमच्या सूनबाई येऊन गेल्या. तुम्हाला द्यायची नाही म्हणाल्या. जिवाला जपा."

बघा किती धूर्त! अकरा वर्षं दिली आणि पुरावा हवा त्या दिवशी साधू झाला. पण मीही काही कच्चा नाही. म्हटलं, "माझ्यासाठी नको रे. चिमीने मागवलीय."

"चिमीताईंना? मग दोन देतो. त्यांना आठवड्याला दोन लागतात." आणि दिल्या. दहा-दहाच्या दोन पट्ट्या. कागद नाही, काही नाही.

घरी येऊन पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. 'सदर दुकानदार सहासष्ट वर्षांच्या एकट्या विधवा बाईला आठवड्याला वीस गोळ्या डॉक्टरांच्या कागदाशिवाय देतो, सोबत पुरावा जोडला आहे.' वीस गोळ्या वाचून साहेबाचे डोळे पांढरे होतील. दोन्ही पट्ट्या पाकिटात घातल्या. एकही गोळी काढली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

टपाल कचेरीत रांगेत उभं राहावं लागलं. धडधड झाली. म्हटलं, हो. आज तुला माझ्या बाजूने धडधडायचं आहे. पत्र टाकूनच बाहेर आलो.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज!

साडेअकराला गाडी आली. दोन पुरुष, एक बाई. समोरच्या चपलांच्या दुकानाबाहेर बाकडं आहे, त्यावर मी बसलो. चहा मागवला, बिस्किटं मागवली. नाटकाला गेल्यासारखा बसलो. सात खोकी बाहेर आली. वह्या आल्या. साखऱ्या गल्ल्यामागे उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. एकदा डोक्यावर ठेवले, एकदा पोटावर. मग शटर खाली आलं, कुलूप लागलं, कुलपाला कापड बांधून त्यावर लाख लावली. लाखेचा वास माझ्यापर्यंत आला. गेल्या कित्येक वर्षांत इतका गोड वास घेतला नव्हता.

त्याने मला पाहिलं. रस्ता ओलांडून आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी तयार होतो, माझ्याही तोंडाशी होत्या.

"अण्णा, उन्हात बसलात," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "माझं जे व्हायचं ते होईल. चूक माझीच. पण चिमीताईंना सांगा, एकदम बंद करू नका म्हणावं. आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडून आता त्यांना मिळणार नाही."

काय माणूस आहे! कुलूप लागलं तरी धमकी देतो. माझ्या बहिणीचं नाव घेऊन मला घाबरवतो, म्हणजे मी तक्रार मागे घेईन. मी म्हटलं, "तू तुझं बघ." आणि चहा संपवला.

धडधड नाही. दिवसभर एकदाही नाही. सूड हे औषध आहे, फक्त ते पट्टीत मिळत नाही.

दाढी केली.

रविवार, ७ एप्रिल

सकाळी चिमी आली. केस नीट विंचरलेले नव्हते. दारातच म्हणाली, "दादा, तुझ्याकडे दोन असतील का?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय? दुकान बंद पाडलंस ना तू? काल शेवटची घेतली. दुसरा औषधवाला कागद मागतो."

मी म्हटलं, तो बरोबर करतो, असंच असायला पाहिजे.

तिने खुर्चीची पाठ धरली होती. "दोन दे. उद्या बघीन काहीतरी."

सूनबाई लॅबमध्ये गेली होती, किल्ली तिच्या गळ्यात. पण शाईची बाटली माझ्या खिशात होती. तीत चांगला चिमूटभर भुगा होता. मी खिशावर हात ठेवून बसलो. आणि मला साक्षीची आठवण झाली. त्या दिवशी पिशवी उचलून कशी गेली होती ते आठवलं.

मी तिला समजावलं. म्हटलं, "मला बघ. सव्वादोनवर आलो. मनाचा निश्चय लागतो, चिमे. तू तर एका दिवसात सोडशील."

"तुला डॉक्टर हळूहळू उतरवायला सांगते आणि मी एका दिवसात?"

"माझा आजार आहे, डॉक्टरांनी नाव सांगितलंय. तुझी नुसती सवय आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा अशी बघत होती. मग म्हणाली, "बरं." एवढंच. जिना उतरताना कठडा धरून उतरली.

थोडं चुकल्यासारखं वाटलं. पण कुणीतरी कडक व्हायला लागतंच. सूनबाई माझ्याशी झाली, मी चिमीशी झालो.

मंगळवार, ९ एप्रिल

टपाल कचेरीत अकरा मिनिटं उभा राहिलो. काम काही नव्हतं. खिडकीपाशी पोचलो की पुन्हा मागे जाऊन उभा राहायचो. कारकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही राहायला येताय का इथे?" धडधड चढली, थांबली, उतरली. बाई म्हणाल्या तशीच. फार आनंद झाला, कुणाला सांगावं म्हणून चिमीला फोन केला.

म्हणाली, "दादा, भिंत हलतेय." मी म्हटलं, श्वास लांब सोड, चार आकडे मोजत. म्हणाली, "सुई ओवता येत नाही, हात बघ कसे नाचतायत." फोनवर हात कसे दिसणार? मी हसलो. तिने फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही. रुसली आहे. रुसू दे.

बुधवार, १० एप्रिल

चिमी पडली. शेजारणीने दार तोडायला लावलं. मशीनपाशी पडून झटके येत होते. जिभेतून रक्त.

शुक्रवार, १२ एप्रिल

जिवंत आहे. दोन दिवस इस्पितळात होतो. उजवं मनगट मोडलं, ती शिवते तो हात. काल संध्याकाळपासून झटके नाहीत.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, काय घेत होत्या, किती, केव्हापासून. मी सगळं सांगितलं, पाठच होतं, पत्रात लिहिलं होतं. दिवसाला तीन, नऊ वर्षं. त्याने लिहून घेतलं. "यांना एकदम कुणी थांबवायला सांगितलं? कुणी सांगितलं असेलच. इतका मोठा डोस."

मी म्हटलं, औषधवाल्याचं दुकान बंद पडलं. फार वाईट माणूस आहे.

"ते असेल. पण सुरुवात कुणी करून दिली? कोणत्या डॉक्टरांनी?"

सूनबाई माझ्या शेजारी उभी होती. तिला काही माहीत नाही. तिने सहज माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो, "मी तर अर्धीच दिली होती. घरचीच."

आवाज माझा होता, पण बोलणं साखऱ्याचं होतं. मला तो तिथे खाटेच्या पलीकडे उभा असल्यासारखा दिसला, पोटावर हात ठेवून.

मग सगळं सांगितलं. खिशातल्या बाटलीचंही. चार मार्चला माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं, तेही. सूनबाईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, बोलेल. तिने नुसती बाटली मागितली. मी दिली.

चिमी डोळे मिटून होती. आम्हाला वाटलं, झोपलीय. जड जिभेने म्हणाली, "दादाला बाहेर काढा."

गुरुवार, १८ एप्रिल

सहा दिवस तिने मला आत येऊ दिलं नाही. मी खाली बाकावर बसतो. परिचारिका ओळखायला लागल्या आहेत. एक म्हणाली, "आजी बऱ्या आहेत. आज भांडल्या आमच्याशी." म्हणजे बरी होतेय.

मी सव्वादोनवरच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या धक्क्यात पुढची कपात नको, आहे तिथे थांबा. त्यांनी मला रागावलं नाही. मला रागावणारं कुणीतरी हवं होतं.

सोमवार, २२ एप्रिल

औषध खात्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाला म्हटलं, तक्रार आहे. बिनकागदाची गोळी दिली, एका बाईला सवय लावली, आणि गोळी बंद झाल्यावर तिला चुकीचा सल्ला दिला. त्याने फॉर्म घेतला. "कुणी?"

"मी."

त्याने चष्मा वर केला. "तुमचं दुकान कुठे आहे?"

"दुकान नाही."

"मग आम्ही बंद काय करणार, आजोबा?"

मी म्हटलं, काहीतरी असेल ना. त्याने पाणी दिलं. त्याच्यामागे साखऱ्याची फाइल होती, वर माझं पत्र टाचलेलं. माझंच अक्षर. किती नीट काढलं होतं. साखऱ्याला मी सोडलेलं नाही, त्याचं झालं ते बरोबरच झालं. पण त्याच्याबद्दल जे जे मनात आणत होतो, ते सगळं आता घरच्या पत्त्यावर परत येतं.

गुरुवार, २५ एप्रिल

चिमी घरी आली. तिच्याही गोळ्या आता आमच्या डॉक्टरीणबाईच उतरवणार. सकाळी दहाची गोळी कुणीतरी हजर असताना घ्यायची, चुकवायची नाही, वाढवायची नाही. मी म्हटलं, मी जातो रोज.

चिमीने सूनबाईला फोनवर सांगितलं, "त्याच्या हातून मी पाणीसुद्धा घेणार नाही. शेजारीण देईल."

तरी गेलो. दहाला दारासमोर उभा राहिलो. आतून ओरडली, "दादा असेल तर सांगा, घरात कुणी नाही."

शेजारीण बाहेर आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. मला नाही आलं.

मंगळवार, ३० एप्रिल

रोज जातो. आज तिने दाराआडून विचारलं, "दादा, सात तारखेला मी काय मागितलं?"

"दोन गोळ्या."

"आणि तू काय म्हणालास?"

मी सांगितलं.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने."

जिन्यात वरच्या मजल्यावरचा माणूस सायकल उतरवत होता. मी मोठ्याने म्हटलं, माझा आजार आहे, तुझी नुसती सवय आहे. माणूस सायकल खांद्यावर घेऊन थांबला.

"पुन्हा," चिमी म्हणाली.

पाच वेळा म्हणवून घेतलं. पाचव्यांदा तोंडातून शब्द नीट निघेनात. छाती अशी वाजत होती की कठडा धरला. पळालो नाही.

"जा आता," ती म्हणाली.

शुक्रवार, ३ मे

काल आणि परवाही तसंच. जिन्यातल्या सगळ्यांना ते वाक्य पाठ झालं असेल. सूनबाई म्हणाली, "आत्या फार करतायत, बाबा. मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हटलं, नको. तिचा हक्क आहे. आणि तिचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, करायला दुसरं काही नाही बिचारीला.

चिमी म्हणाली, "तू एवढा सूड घ्यायचास ना सगळ्यांवर? आता कळेल, घेतात कसा."

मला कळतंय.

बुधवार, ८ मे

शेजारणीला आजपासून लवकर कामावर जावं लागतं. मला माहीत नव्हतं. दहाला पोचलो तर आत सामसूम. मी दार वाजवलं नाही, रोजच्यासारखा उभा राहिलो.

मग तिची पावलं. दारापाशी येऊन थांबली. आजचं वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "गप्प बस."

पुडी फाटल्याचा आवाज आला. डाव्या हाताने फाडत असणार, दोनदा निसटली. मग भांडं, पाणी, घोट. दाराची फळी तेवढी मध्ये होती.

"घेतली," ती म्हणाली. "कळव तुझ्या बाईला. दिवसाला पावणेतीन."

"कापली कुणी?"

"सूनबाई रविवारी येऊन आठवड्याच्या कापून जाते. तुझ्याच काट्यावर. तुला सांगितलं नाही तिने?"

नाही सांगितलं. काटा कपाटावर दिसला नव्हता, मला वाटलं होतं माझ्या डोळ्यांपुढून हलवला.

मी म्हटलं, "चिमे, दार उघड ना. नुसतं बघतो आणि जातो."

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही." भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पण दहाला ये. शेजारीण नसते आता. सव्वादहाला आलास तर याद राख."